केवायसीसाठी ओळखपत्रांच्या साक्षांकित प्रती : कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर गावी, नोकरी मुंबईत किंवा आखातात आणि बचत तिन्ही ठिकाणी, अशी आपल्याकडची असंख्य कुटुंबे आहेत. मंडणगडपासून सावंतवाडीपर्यंतच्या अशा कुटुंबांकडून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. मी आयुष्यभर बँकेच्या काउंटरमागे बसून लोकांचे कागद तपासले आणि निवृत्तीनंतर काउंटरच्या अलीकडे उभा राहून तेच कागद घेऊन रांगेत थांबलो. एका सहीसाठी गावाहून तालुक्याला तीन खेपा घालणाऱ्या माणसाचा दिवस आणि एसटीचे भाडे किती मोलाचे असते, हे मला रांगेत थांबल्यावर कळले. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बँक, विमा कंपनी, जमिनीचा एजंट, सगळेच ओळखपत्राची प्रत मागतात. हे कोणत्या कायद्याने?

मूळ कायदा म्हणजे धनशोधन प्रतिबंध अधिनियम, २००२. तो १ जुलै २००५ पासून अमलात आहे. गुन्ह्यातून आलेला पैसा खाती, जमिनी, सोने यांतून फिरवून तो स्वच्छ असल्याचे भासवणे म्हणजे धनशोधन. असा पैसा बहुधा खोट्या किंवा दुसऱ्याच्या नावाने फिरतो; म्हणून पैसा हाताळणाऱ्या संस्थेने समोरच्या माणसाची ओळख पटवून तिचा पुरावा जपून ठेवावा, असे कायदा सांगतो. यालाच केवायसी (आपला ग्राहक ओळखा) म्हणतात. व्यवहाराचे नाते संपल्यावरही हे कागद पाच वर्षे ठेवावे लागतात. बँकांसाठी सविस्तर सूचना रिझर्व्ह बँक काढते. विमा आणि शेअर बाजार यांच्या नियामकांच्या सूचना वेगळ्या असल्या तरी त्या याच कायद्याखालच्या आहेत. वार्षिक उलाढाल २० लाख रुपये किंवा अधिक असलेल्या स्थावर मालमत्ता एजंटांवर २०२० च्या अखेरीस हे बंधन आले. ग्राहकाच्या वतीने ठरावीक आर्थिक व्यवहार करणाऱ्या सनदी लेखापालांवर ते मे २०२३ मध्ये आले. गुहागरात जागा पाहायला गेलेल्या माणसाकडे एजंटाने ओळखपत्र मागितले, तर तो आगाऊपणा नव्हे.

२. केवायसीसाठी नेमकी कोणती ओळखपत्रे चालतात? रेशन कार्ड चालते का?

अधिकृत वैध कागदपत्रे सहा आहेत : पासपोर्ट, वाहन चालवण्याचा परवाना, आधार क्रमांक असल्याचा पुरावा, मतदार ओळखपत्र, राज्य शासनाच्या अधिकाऱ्याची सही असलेले रोजगार हमीचे जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीने दिलेले नाव व पत्ता असलेले पत्र. यांपैकी एक पुरते. त्याच्या जोडीला पॅन, किंवा पॅन नसल्यास त्याऐवजी भरायचा विहित अर्ज (आजवर फॉर्म ६० या नावाने ओळखला जाणारा) लागतो. पॅन कार्डावर पत्ता नसतो आणि ते या सहांतही नाही, त्यामुळे केवळ पॅनवर भागत नाही.

रेशन कार्ड या यादीत नाही. मच्छीमारांचे ओळखपत्र, बोटीचा परवाना, खलाशाचे सीडीसी पुस्तक, सातबारा, तलाठ्याचा किंवा सरपंचांचा दाखला, हेही नाहीत. हे कागद इतर कामांसाठी कितीही भक्कम असले, तरी बँकेच्या ओळख तपासणीत ते या सहांची जागा घेऊ शकत नाहीत. मुदत संपलेला पासपोर्ट किंवा परवाना घेऊन जाऊ नये.

३. साक्षांकित, सत्यप्रत, स्वयंसाक्षांकित, नोटरी केलेली : हे सगळे एकच का?

एकच नाही, आणि बहुतेक फुकट खेपा याच गोंधळातून होतात.

स्वयंसाक्षांकित प्रत म्हणजे झेरॉक्सवर आपण स्वतः सही करून ‘ही खरी प्रत आहे’ असे म्हणणे. शासकीय अर्जांसाठी केंद्राने २०१४ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१५ मध्ये या पद्धतीला मान्यता दिल्यापासून ती सर्वत्र रूढ झाली आणि राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात ताटकळणे संपले. साक्षांकित किंवा प्रमाणित प्रत म्हणजे दुसऱ्या, जबाबदार माणसाने मूळ कागद आपल्या डोळ्यांनी पाहून, प्रतीशी ताडून, तसे प्रतीवर लिहून सही करणे. नोटरी केलेली प्रत हा तिचाच एक प्रकार. तेथे तो जबाबदार माणूस १९५२ च्या नोटरी अधिनियमाखाली नेमलेला असतो. सत्यप्रत हा शब्द सैल वापरला जातो, म्हणून कोणी ‘सत्यप्रत आणा’ म्हटले की ‘कोणाच्या सहीची?’ असे लगेच विचारावे.

साक्षांकनाचे मोल शिक्क्यात नसून ‘मूळ पाहिले’ या दोन शब्दांत आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी ओळखीच्या एका गृहस्थांच्या परवान्याच्या प्रतीवर मूळ न पाहता हे शब्द लिहिले. परवान्याची मुदत संपलेली होती आणि झेरॉक्समध्ये ती तारीख कापली गेली होती. वरिष्ठांनी लेखी खुलासा मागितला, आणि तो मागणे योग्यच होते. तेव्हापासून सख्ख्या शेजाऱ्यालाही मी मूळ कागद आणायला सांगत आलो. अधिकारी मूळ मागतो तेव्हा तो आपल्यावर अविश्वास दाखवत नसतो. ज्या वाक्याखाली त्याला सही करायची आहे ते खरे असावे, एवढेच त्याला पाहायचे असते.

४. बँकेसाठी प्रत आधी नोटरीकडून करून न्यावी लागते का?

भारतात राहून स्वतः शाखेत जाणाऱ्या ग्राहकाला नोटरीची गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार प्रमाणित प्रत घेणे म्हणजे बँकेच्या अधिकृत अधिकाऱ्याने ग्राहकाने आणलेल्या मूळ कागदाशी प्रत ताडून पाहणे आणि तशी नोंद प्रतीवर करणे. म्हणजे साक्षांकन बँकच करते. मूळ आणि झेरॉक्स दोन्ही न्यावे. नोटरीचा खर्च करून मूळ घरीच ठेवले, तर बहुधा परत यावे लागते.

कागद दिल्यावर तारखेची पोच मागावी. ती देणे बँकेवर बंधनकारक आहे, तरीही ती न मागता माणसे घरी जातात आणि महिन्याभराने ‘तुमचे कागद मिळालेच नाहीत’ हे वाक्य ऐकतात.

५. मग नोटरी केव्हा लागतो? शिक्क्यात काय पाहावे?

प्रत पाठवायची आहे पण समोर मूळ दाखवता येत नाही, अशा वेळी नोटरी लागतो. परदेशातील वकील किंवा बँक (प्र. १६), परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘अपोस्टिल’ प्रमाणपत्राची पहिली पायरी (प्र. १७) आणि परदेशात राहणारे ग्राहक (प्र. १४) हे त्याचे नेहमीचे प्रसंग.

नोटरीचा शिक्का पाच सेंटिमीटर व्यासाचा गोल असतो आणि त्यावर त्याचे नाव, अधिकारक्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि त्याला नेमणाऱ्या शासनाचे नाव असते. तारीख, सही आणि नोटरीच्या नोंदवहीतील क्रमांक प्रतीवर आहेत का, हे तेथेच पाहावे. दोन बाजूंचा किंवा अनेक पानांचा कागद असेल तर प्रत्येक पानावर सही-शिक्का घ्यावा. कोर्टाच्या आवारात मूळ न बघता शिक्का मारून देणारे कोणी भेटले, तर काम लवकर झाले म्हणून आनंद मानू नये. पुढे कोणी नोटरीला विचारणा केली तर ती प्रत टिकत नाही, आणि गोत्यात आपण येतो.

६. आधारची प्रत देताना पूर्ण क्रमांक दिसू द्यावा का?

बहुतेक वेळा नाही. शासकीय अनुदान थेट खात्यात घ्यायचे असेल तेव्हा क्रमांक द्यावा लागतो. इतर वेळी प्रतीवरील क्रमांक झाकला जाईल, हे पाहण्याची जबाबदारी बँकेवर आहे. आधारच्या संकेतस्थळावरून फक्त शेवटचे चार अंक दिसणारी झाकलेली प्रत उतरवून घेता येते. परदेशी संस्थेला तर आधार देऊच नये. तेथे पासपोर्ट पुरतो.

७. मूळ कागद घरी आहे, पण डिजिलॉकरमध्ये सगळे आहे. ते चालेल का?

देणाऱ्या कार्यालयाकडून थेट डिजिलॉकरच्या ‘जारी’ विभागात आलेला कागद कायद्याने मुळाच्या बरोबरीचा आहे, आणि बँकांच्या सूचनांतही अशा ई-दस्तऐवजाला मान्यता आहे. आपणच फोटो काढून डिजिलॉकरमध्ये चढवलेला कागद मात्र नुसती प्रतच राहतो. छापील ई-आधार आणि डिजिलॉकरमधील कागद यांबाबत काउंटरवरील कर्मचाऱ्यांची माहिती सगळीकडे सारखी नसते, म्हणून खेप वाचवायची असेल तर शक्य तेव्हा मूळही सोबत ठेवावे.

८. ओळखपत्रावर गावचा पत्ता आहे आणि राहतो नालासोपाऱ्याला. आता काय करू?

चाकरमान्यांचा हा पहिल्या क्रमांकाचा प्रश्न. त्याला तीन वाटा आहेत.

नवे खाते आधारच्या ई-केवायसीने उघडत असाल आणि सध्याचा पत्ता आधारवरील पत्त्याहून वेगळा असेल, तर त्याबाबत स्वतःचे घोषणापत्र देता येते. खाते आधीच आहे आणि केवळ पत्ता बदलला आहे, तर नव्या पत्त्याचे स्वयंघोषणापत्र द्यावे. बँक दोन महिन्यांच्या आत पत्र पाठवून, माणूस पाठवून किंवा अशाच अन्य मार्गाने त्याची खात्री करते. तिसरी वाट अशी की, दोन महिन्यांहून जुने नसलेले वीज, पाणी, दूरध्वनी, पोस्टपेड मोबाइल किंवा पाइप गॅसचे बिल, घरपट्टीची पावती, शासकीय निवृत्तिवेतनाचा आदेश किंवा शासकीय वा तत्सम नियोक्त्याचे घरवाटपाचे पत्र, यांपैकी एक पत्त्यापुरते द्यावे आणि तीन महिन्यांत नवा पत्ता असलेले ओळखपत्र सादर करावे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. एकाच बँकेच्या एका शाखेत पूर्ण केवायसी झाले असेल आणि ते अद्ययावत करण्याची मुदत आली नसेल, तर खाते दुसऱ्या शाखेत हलवताना ते पुन्हा करावे लागत नाही. गावच्या शाखेतले खाते मुंबईला नेताना ‘सगळे नव्याने’ असे कोणी म्हटले, तर हे शांतपणे निदर्शनास आणून द्यावे.

९. घरपट्टी आणि वीजबिल अजून आजोबांच्या नावावर आहे. ते चालेल का?

साधारणपणे नाही, कारण त्या कागदावरून घराचा पत्ता कळतो, पण तो आपला आहे हे कळत नाही. आपल्याकडे वारसनोंदी पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळतात, हे खरे आहे. तोवर प्र. ८ मधील घोषणापत्राची वाट घ्यावी. वाडीचे नाव, घर क्रमांक, ‘मुक्काम’ आणि ‘पोस्ट’ हे वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळे असतात. निदान आधार आणि बँक या दोन ठिकाणी ते अक्षरशः सारखे लिहून घ्यावेत.

१०. लग्नानंतर नाव बदलले. पासपोर्ट माहेरच्या नावाने आहे. तो बाद झाला का?

नाही. कागद मिळाल्यानंतर नाव बदलले असेल आणि सोबत राज्य शासनाचे विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाची राजपत्रातील सूचना जोडली असेल, तर जुन्या नावाचा कागदही वैध धरावा असे सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. ग्रामपंचायत हद्दीत ग्रामसेवक हेच विवाह निबंधक असतात, त्यामुळे अनेक वर्षांपूर्वीचे लग्न असले तरी नोंदणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागत नाही. लग्नपत्रिका, देवळाची पावती किंवा प्रतिज्ञापत्र या प्रमाणपत्राची जागा घेत नाही. नाव बदलण्याची सक्ती मुळात नाही. माहेरचेच नाव सर्व कागदांवर ठेवले, तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

११. नाव तेच, पण स्पेलिंग वेगळे. एका कागदावर कुळाचे आडनाव, दुसऱ्यावर गावावरून पडलेले ‘कर’ आडनाव. काय करावे?

एखाद्या अक्षराचा फरक असेल आणि फोटो, जन्मतारीख व वडिलांचे नाव जुळत असेल, तर अधिकारी बहुधा अडवत नाही; मात्र तो निर्णय त्याचा असतो. आडनावच वेगळे असेल तर तो निराळा माणूस धरला जाण्याचा धोका खरा आहे. ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी स्वीकारतात, पण ते तात्पुरता टेकू आहे. नाव राजपत्रात एकदा निश्चित करून सर्व कागद त्याप्रमाणे दुरुस्त करणे, हाच उपाय मी प्रत्येकाला सांगतो. आजीच्या पिढीला ते जमणार नाही. तिच्यासाठी पॅन आणि एक ओळखपत्र जुळवून घेतले तरी पुष्कळ झाले.

१२. २०२१ च्या पुरात कागद गेले. जुन्या साक्षांकित झेरॉक्स आहेत. त्यांवरून पुढच्या प्रती होतील का?

होणार नाहीत. प्रतीवरून काढलेल्या प्रतीवर ‘मूळ पाहिले’ असे कोणालाही लिहिता येत नाही (प्र. ३). २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये पाणी शिरले तेव्हा, आणि त्याआधी जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-दापोली भागात, हा प्रश्न घराघरांत होता. अजूनही पत्रे येतात, कारण कागद गेल्याचे अनेकांना केवायसीची नोटीस आल्यावरच आठवते.

आधार आणि मतदार ओळखपत्र नोंदीतला मोबाइल चालू असेल तर नव्याने उतरवून घेता येतात, म्हणून सुरुवात तेथून करावी. पासपोर्टसाठी पोलिसांत तक्रार नोंदवून पुन्हा अर्ज करावा. केंद्रीय केवायसी नोंदणीत आपली नोंद असेल तर तिचा चौदा अंकी क्रमांक असतो. तो सांगून संमती दिली की बँक तेथूनच कागद पाहू शकते. काहीच उरले नसेल तर बँकेच्या अधिकाऱ्यासमोर फोटो आणि सही किंवा अंगठा देऊन ‘लघु खाते’ उघडता येते. त्यात शिल्लक ५०,००० रुपयांपर्यंत, वर्षभरातील जमा एक लाखापर्यंत आणि महिन्याची काढणी १०,००० रुपयांपर्यंत चालते. खाते आधी बारा महिने आणि ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिल्यास आणखी बारा महिने चालू राहते.

१३. आई अंथरुणाला खिळलेली आहे. मासळी सोलून तिच्या बोटांचे ठसेही उमटत नाहीत. बँक म्हणते, तिला घेऊन या.

या प्रश्नावर मला मनापासून बोलायचे आहे. आयुष्यभर कोळंबी सोलणाऱ्या, काजूच्या कारखान्यात चीक हाताळणाऱ्या, भाताच्या खाचरात राबणाऱ्या बायांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. यंत्र ‘जुळत नाही’ म्हणते तेव्हा दोष त्या बाईचा नसतो, आणि तिला परत पाठवणे योग्य नाही. माझ्या नात्यातील एका वृद्धेला एका शाखेने तीनदा परत पाठवले. चौथ्या वेळी व्यवस्थापक स्वतः रिक्षापर्यंत आले, मूळ मतदार ओळखपत्र पाहिले आणि दहा मिनिटांत काम झाले. नियम पहिल्या दिवशीही तोच होता.

शासकीय अनुदान घेणाऱ्या व्यक्तीची आधार पडताळणी दुखापत, आजार किंवा वार्धक्यामुळे होत नसेल, तर बँकेने आधारची ऑफलाइन पडताळणी करावी किंवा दुसऱ्या ओळखपत्राची प्रमाणित प्रत घ्यावी, अशी तरतूद आहे. सत्तरीपुढील आणि अपंग ग्राहकांना केवायसीचे कागद घरून घेण्यासह घरपोच सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना कळवले आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला आणि अपंगांसाठी केवायसी सुलभ करण्याचे आदेश दिले. शाखा व्यवस्थापकांच्या नावे लेखी अर्ज द्यावा, त्यात वय व आजार लिहावा आणि पोच घ्यावी. तोंडी विनंतीला नकार देणे सोपे असते. लेखी अर्जाला उत्तर द्यावे लागते.

१४. मी कुवेतला आहे. एनआरआय खात्यासाठी प्रमाणित प्रत कोणाकडून घेऊ?

अनिवासी भारतीयांसाठी पुढीलपैकी कोणाचेही साक्षांकन चालते : भारतीय अनुसूचित बँकेच्या परदेशातील शाखेचा अधिकृत अधिकारी, भारतीय बँकेशी संबंध असलेल्या परदेशी बँकेची शाखा, त्या देशातील नोटरी, न्यायदंडाधिकारी, न्यायाधीश, किंवा आपण राहता त्या देशातील भारतीय दूतावास वा वाणिज्य दूतावास. कंपनीच्या व्यवस्थापकाची किंवा मराठी मंडळाच्या अध्यक्षांची सही चालत नाही. स्कॅन केलेली प्रत नव्हे, तर ज्या प्रतीवर शाईची सही आहे तीच पाठवावी.

व्हिडिओ केवायसीचा मार्ग परदेशातून बंद आहे, कारण त्या यंत्रणेने भारताबाहेरील जोडणी नाकारावी असा नियम आहे. म्हणून गणपतीला किंवा शिमग्याला सुट्टीवर येणार असाल तर मूळ पासपोर्ट आणि व्हिसा घेऊन शाखेतच जावे. सुट्टीचा पहिला आठवडा यासाठी ठेवावा. परतीच्या आदल्या दिवशी निघालेली उणीव दुरुस्त होत नाही.

१५. मुलगा जहाजावर आहे, सहा महिने परतणार नाही आणि केवायसीची मुदत संपत आली.

माहितीत बदल नसेल तर प्रतीची गरजच नाही. नोंदणीकृत ईमेल, मोबाइल, बँकेचे अ‍ॅप किंवा पत्र यांपैकी एका मार्गाने ‘बदल नाही’ असे घोषणापत्र पुरते, आणि ते जहाजावरूनही पाठवता येते. आईने त्याच्या वतीने सही करू नये, हे कितीही सोयीचे वाटले तरी. पुढच्या वेळी बोटीवर चढण्यापूर्वीच मुदत विचारून घ्यावी. खाते अनिवासी असेल तर प्र. १४ पाहावा.

१६. मुलगी लंडनला घर घेत आहे. आम्ही तिला पैसे देणार, तर तिकडचा वकील रत्नागिरीत बसलेल्या आमची ओळखपत्रे साक्षांकित करून मागतो. आमचा काय संबंध?

संबंध पैशाचा आहे. ब्रिटनमधील २०१७ च्या धनशोधनविषयक विनियमांनुसार घराचे काम पाहणाऱ्या वकिलाने पैसा कोठून आला हे तपासायचे असते. त्यामुळे पैसे भेट म्हणून देणाऱ्या आई-वडिलांचीही ओळख पटवली जाते.

तेथील शासनाच्या मार्गदर्शनाप्रमाणे बँक अधिकारी, वकील, नोटरी, सनदी लेखापाल, शिक्षक, दंतवैद्य असे प्रतिष्ठित व्यावसायिक प्रत साक्षांकित करू शकतात; मात्र तो नातेवाईक नसावा आणि एकाच घरात राहणारा नसावा. प्रतीवर इंग्रजीत ‘मी मूळ पाहिले असून ही त्याची खरी प्रत आहे’ या आशयाचे वाक्य, सही, तारीख, छापील अक्षरांत नाव, व्यवसाय, पत्ता आणि दूरध्वनी हवा. फोटो असलेल्या कागदावर ‘फोटो त्याच व्यक्तीचा आहे’ हेही लिहून मागतात. मार्गदर्शन सैल असले तरी प्रत्येक वकिलाची यादी स्वतःची असते, त्यामुळे आपल्याकडच्या कोणाची सही चालेल आणि ती किती दिवसांच्या आतली हवी, हे ईमेलने विचारून घ्यावे आणि मगच घराबाहेर पडावे. आपल्या बँकेचा व्यवस्थापक परदेशी वकिलासाठी सही करायला बांधील नाही. नोटरी हाच भरवशाचा पर्याय.

ओळखीनंतर पैशाच्या उगमाचा पुरावा मागितला जातो. आंब्याच्या बागेचे उत्पन्न असेल तर वाशीच्या दलालाच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या), बँक उतारे आणि सातबारा, आणि मराठी कागदांचे प्रमाणित भाषांतर. पट्ट्या रद्दीत घालू नयेत, एवढे सांगणे पुरे.

१७. नोटरी पुरेल की अपोस्टिलही लागेल?

मागितले तरच. अपोस्टिल हे कागदावरील सही व शिक्का खरा असल्याचे परराष्ट्र मंत्रालयाचे प्रमाणपत्र असते. १९६१ च्या हेग करारातील ही पद्धत भारतात १४ जुलै २००५ पासून लागू आहे. मजकूर खरा आहे, असे ते सांगत नाही. आधी नोटरी, मग राज्य पातळीवरील साक्षांकन आणि शेवटी परराष्ट्र मंत्रालय, असा क्रम असतो आणि मंत्रालय कागद नेमलेल्या संस्थांमार्फतच घेते. ओमान, बहरीन आणि सौदी अरेबिया या करारात आहेत. संयुक्त अरब अमिराती आणि कुवेत नाहीत, म्हणून तेथे अपोस्टिलऐवजी मंत्रालयाचे साधे साक्षांकन आणि त्यावर त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का लागतो.

१८. हंगामात रोख भरणा केला की बँक प्रश्न विचारते. आम्ही चोर आहोत का?

मुळीच नाही. दहा लाखांवरील रोख व्यवहारांची माहिती प्रत्येक बँकेला वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवावीच लागते आणि मोठी रोख रक्कम भरताना पॅन द्यावा लागतो. आंबा, काजू आणि मासळी यांचा पैसा चार महिन्यांत एकदम येतो. खात्यात वर्षभर शांतता असल्याने यंत्रणेला तो वेगळा दिसतो. लिलावाची पावती किंवा दलालाची पट्टी दाखवली की चौकशी तेथेच संपते.

१९. एवढ्यात पुन्हा केवायसी का? आणि खाते थांबवले तर तक्रार कोठे?

जोखमीनुसार दोन, आठ किंवा दहा वर्षांनी ते अद्ययावत करावे लागते. सामान्य पगारदार, निवृत्त आणि शेतकरी खातेदार बहुधा दहा वर्षांच्या गटात येतात. मूल अल्पवयीन असताना उघडलेल्या खात्यासाठी ते सज्ञान झाल्यावर नवा फोटो आणि कागद लागतात. मुदतीपूर्वी बँकेने किमान तीन सूचना द्याव्यात आणि त्यांतली एक पत्राने असावी, असा नियम आहे. बंद घरात पत्र पडून राहत असेल तर बँकेतील पत्ता बदलावा. कागद देऊनही काम अडले तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. ‘आज केवायसी केले नाही तर खाते बंद’ म्हणून लिंक किंवा अ‍ॅपची फाइल पाठवणारा संदेश बँकेचा नसतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवावे.

२०. गावच्या मंडळाचे मुंबईत खाते आहे. मंडळ नोंदणीकृत नाही. कोणाची ओळखपत्रे द्यायची?

नोंदणी नसलेले मंडळ किंवा न्यास बँकेच्या दृष्टीने व्यक्तींचा असंघटित समूह असतो. कार्यकारिणीचा ठराव, व्यवहाराचे अधिकारपत्र, पॅन किंवा त्याऐवजीचा विहित अर्ज आणि सह्या करणाऱ्यांची ओळखपत्रे लागतात. पंधरा टक्क्यांहून अधिक वाटा कोणाचाच नसेल, आणि मंडळात तो नसतोच, तर प्रमुख पदाधिकाऱ्याची ओळख पटवतात. नोंदणीकृत देवस्थानाला विश्वस्तांची यादी व न्यासपत्रही द्यावे लागते आणि नफा न कमावणाऱ्या संस्थेची नोंद नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर असावी लागते. जुन्या सचिवांचे निधन होऊन वर्षे लोटली तरी त्यांचीच सही खात्यावर असते, अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. नवा ठराव सभेच्या दिवशीच लिहावा.

२१. सामाईक जमीन विकतो आहोत. अकरा वारस, एक भाऊ दुबईत. त्याच्या कुलमुखत्यारपत्रावर मीच सगळी ओळखपत्रे साक्षांकित करून देऊ का?

नाही. कुलमुखत्यारपत्राने सहीचा अधिकार मिळतो, ओळख उसनी मिळत नाही. भावाची प्रत प्र. १४ मधील कोणीतरी तेथे मूळ पाहून साक्षांकित केलेली हवी आणि मुखत्यार म्हणून आपली स्वतःची वेगळी. कुलमुखत्यारपत्र तेथील भारतीय वाणिज्य दूतावासात करून घेतले असेल, तर ते महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत येथे त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. ही मुदत चुकल्याने व्यवहार लांबलेले मी पाहिले आहेत. बाकीच्या दहांपैकी प्रत्येकाचे ओळखपत्र आणि पॅन लागेल, आणि प्रत्येकाचा वाटा त्याच्याच खात्यात जावा. एकाच्या खात्यात सगळी रक्कम घेऊन मग वाटून दिली, तर तो पैसा कोणाचा हे त्या एकालाच पुढे वर्षानुवर्षे सांगत बसावे लागते. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेता येत नाही, ती ‘विसार’ म्हणून असली तरीही.